न पडलेला टोला

मित्रांनो, मी एक जुना रुळाचा तुकडा आहे. लांबीला जेमतेम दीड हात. वरच्या टोकाला एक भोक आहे. त्यात जाड तार ओवून मला चिंचेच्या फांदीला टांगले आहे. बालाघाटहून भरवेलीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका सरकारी शाळेचे हे अंगण. मी इथली घंटा आहे, म्हणजे होतो. बावीस वर्षांत कितीतरी मुले पास होऊन गेली, कितीतरी गुरुजींच्या बदल्या झाल्या. मी मात्र ना पास झालो, ना नापास. जिथे टांगला गेलो तिथेच आहे.

माझा जन्म फार लांबच्या कारखान्यातला. तिथली आठवण म्हणजे नुसती आग. समज आली ती भरवेलीच्या खाणीत. मँगनीजच्या काळ्या ढेकळांनी भरलेल्या ढकलगाड्या दिवसभर माझ्या पाठीवरून जायच्या. एकदा एक गाडी घसरली आणि मी वाकलो. वाकलेला रूळ काय कामाचा? मला कापून भंगारात फेकले. वाकडा भाग गेला, पण हा सरळ तुकडा राहिला.

छप्पन साली नवे राज्य झाले. आमची राजधानी नागपूर होती, ती भोपाळ झाली, आणि नागपूर दुसऱ्या राज्यात गेले. त्याच्या पुढच्या वर्षी ही शाळा उघडली. शाळेला घंटा हवी होती. महागू लोहाराने मला भंगारातून उचलले, भोक पाडले आणि पहिला टोला स्वतः हाणला. काय आवाज निघाला माझा! मलाही ठाऊक नव्हते की माझ्या पोटात एवढा आवाज आहे. खाणीच्या चाळीपर्यंत तो पोचला. पोरे धावत सुटली. बायका माझा आवाज ऐकून भाताचे आधण ठेवू लागल्या. शाळेचा शिपाई डोमाजी रोज खिडकीच्या गजातून लोखंडी कांब काढायचा, दोन पावले मागे सरायचा आणि मला वाजवायचा. "माह्या घंटीसारखी घंटी लालबर्ऱ्यालोक नाही," म्हणजे पार लालबर्रा गावापर्यंत अशी घंटा नाही, असे तो म्हणायचा, आणि मी फुगून जायचो. सोळा वर्षे आम्ही दोघे या शाळेचे जणू मालकच होतो.

त्र्याहत्तर सालच्या जुलैत शेवंताबाई आपल्या मुलीला घेऊन आली.

शेवंताबाई खाणीवर खनिज निवडायचे काम करायची. तिचा नवरा पुनाराम खाणीच्या आत, जमिनीखाली कामाला. मुलीचे नाव ललिता, वय पाच. दिसायला गोड, पण बोलायची नाही. हाक मारली तर वळायची नाही. कुणाच्या डोळ्यांत बघायची नाही. अंगणात आली आणि सरळ चिंचेखाली बसून खाली पडलेले चिंचोके एका रांगेत मांडू लागली. रांग इतकी सरळ, की आखलीच असावी.

पहिलीच्या वर्गावर प्रमोदिनीबाई होत्या. बालाघाट गावातल्या, वडील कचेरीत नोकरीला होते त्यांचे. त्या ललिताजवळ बसल्या, पण काही विचारले नाही. नुसता एक चिंचोका उचलून रांगेच्या शेवटी ठेवला. ललिताने तो थोडा सरकवून नीट केला. बाई हसल्या आणि तिचे नाव पटावर घातले.

तेवढ्यात डोमाजीने नेहमीप्रमाणे मला वाजवले.

मित्रांनो, ती किंकाळी मी अजून विसरलो नाही. ललिता कान दाबून जमिनीवर लोळली. मग उठली, भिंतीकडे धावली आणि डोके आपटू लागली. शेवंताबाईने तिला मागून मिठी मारली तोवर कपाळ फुटले होते. तीन टाके पडले. त्यानंतर दोन दिवस पोरीने अन्नाला शिवले नाही.

हेडमास्तर गुणाकर गुरुजी म्हणाले, "बाई, हे मूल शाळेचं नव्हे. नाव काढून टाका."

सगळे म्हणत होते की पोरीला फेफरे आले, बाहेरचे काही लागले. प्रमोदिनीबाई तेवढ्या अंगणात उभ्या राहून माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "गुरुजी, हिला त्रास शाळेचा होत नाही, या घंटेचा होतो. घंटा बंद करून बघू या."

मला फार राग आला. डोमाजीलाही आला. "एका पोरीसाठी घंटी बंद? काहून?" तो म्हणाला. "मग मी काय करू? झाडू मारू?" पण आठवडाभर घंटा बंद ठेवून बघायला गुरुजी कसेबसे तयार झाले. डोमाजीने मला गोणपाट गुंडाळले, वाऱ्यानेसुद्धा तार वाजू नये म्हणून. आणि तो प्रत्येक वर्गाच्या दाराशी लाल फडके घेऊन उभा राहू लागला. फडके हलले की तास संपला.

गोणपाटाच्या आत मला दिसायचे कमी, ऐकू सगळे यायचे. त्या आठवड्यात ललिता एकदाही किंचाळली नाही. आठवड्याचा महिना झाला, महिन्याचे वर्ष.

बाईंनी तिच्यासाठी एक पाटी केली होती. तिच्यावर दिवसभराची चित्रे ओळीने काढलेली असायची: आधी चिंचोके, मग गाणे, मग डबा, मग पाणी, आणि शेवटी आई. एक गोष्ट झाली की ललिता ओल्या बोटाने ते चित्र पुसायची. पुढे काय होणार हे कळले की ती शांत असायची. न कळता काही बदलले की तिला सारे जग अंगावर आल्यासारखे व्हायचे. बाईंनी अशाच चित्रांचे सुटे पुठ्ठेही केले होते. एक दिवस तिने पाण्याचे चित्र काढलेला पुठ्ठा उचलून बाईंच्या हातात दिला. पाणी हवे, एवढेच. पण बाई पदराने डोळे पुसत होत्या, आणि डोमाजी फडके हलवायचे विसरून दारात उभा होता.

"बाई, तिनं मांगलं," तो म्हणाला. "पोरीनं पानी मांगलं!"

त्या दिवसापासून डोमाजीची कुरकुर थांबली. माझी थांबायला थोडा आणखी वेळ लागला. ज्याला लोक सोळा वर्षे वाखाणतात त्याला गोणपाटात गप्प बसणे सोपे नसते.

पंचाहत्तर साली बाई आणि शेवंताबाई ललिताला घेऊन गोंदियामार्गे नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी तिला पुष्कळ वेळ पाहिले आणि कागदावर एक शब्द लिहून दिला: ऑटिझम. म्हणजे मूल वेडे नाही, बहिरे नाही, पण आपल्याच आत मग्न असते. त्याला जग वेगळे ऐकू येते, वेगळे दिसते. लहानपणीच नीट शिकवले तर ते शिकते. बाईंनी तो कागद शाळेत वाचून दाखवला तेव्हा शेवंताबाईने एकच विचारले, "म्हंजे माह्यी चूक नाही न?"

"नाही हो," बाई म्हणाल्या. "कुणाचीच नाही."

त्याच सुमारास शाळेत एक पत्र आले. अपंग मुलांना साध्या शाळेत शिकवायला सरकार मदत देणार होते. वेगळा वर्ग, साहित्य, शिक्षकाला प्रशिक्षण. बाईंनी आजूबाजूला फिरून आणखी तीन मुले शोधली आणि अर्ज केला. अर्जात रकाने होते: अंध, मूकबधिर, अस्थिव्यंग, मतिमंद. ललिताचा शब्द कुठल्याच रकान्यात नव्हता. बाईंनी तो समासात लिहिला.

इकडे गावात कुजबुज वाढली होती. एका पोरीपायी शाळेची घंटा बंद, आमची पोरे उशिरा जातात, अशा तक्रारी गुरुजींच्या टेबलावर पडत होत्या. गुरुजी वाईट नव्हते, पण घाबरट होते. त्यांनी बाईंना स्पष्ट सांगितले, "सरकारची मंजुरी आली तर ठीक. नाही आली, तर मार्चनंतर ही मुलगी शाळेत नसेल, आणि घंटा परत सुरू होईल."

डिसेंबरात तपासणीचा दिवस ठरला.

त्या दिवशी सकाळीच गुरुजींनी डोमाजीला हुकूम केला की घंटेवरचे गोणपाट काढ, साहेबांना वाईट दिसेल. दोन वर्षांनी माझ्या अंगाला ऊन लागले. मला आनंद व्हायला हवा होता. पण ललिता आईचे बोट धरून फाटकातून आली आणि मला उघडा पाहून जागच्या जागी थिजली. तिची बोटे हवेत फडफडू लागली. बाई धावत आल्या, पाटी पुढे धरली. तिच्यावर त्यांनी आज एक नवे चित्र काढले होते: टोपी घातलेला माणूस, म्हणजे आज येणारे साहेब. ललिताने ते बोटाने चाचपले. थोड्या वेळाने ती ओसरीत जाऊन बसली आणि चिंचोके मांडू लागली. पण माझ्याकडे तिने पाठ केली नाही. मान खाली घालून डोळ्याच्या कोपऱ्यातून ती मला बघत होती.

तपासणीला आलेले गोपाळकृष्ण साहेब जीपमधून उतरले. पांढरे केस, हातात फाईल. आवाज मृदू होता. इतर तीन मुले त्यांनी पाहिली, फाईलमध्ये खुणा केल्या. मग ललिताजवळ आले. नावाने हाक मारली. ती हलली नाही. मागे जाऊन टाळी वाजवली. हलली नाही. किल्ल्यांचा जुडगा फरशीवर टाकला. तिने पुढचा चिंचोका ठेवला.

"बाई, ही मुलगी बहिरी आहे," साहेब म्हणाले.

"नाही साहेब. तिला ऐकू येतं. आपल्यापेक्षा जास्त येतं."

"मग वळून का पाहत नाही?"

"रोज थोडंफार पाहते. आज तिच्यासाठी सगळंच नवं आहे. आपण घाबरलो की बोलतो, ती घाबरली की बंद होते." बाईंनी नागपूरचा कागद पुढे केला.

साहेबांनी तो दोनदा वाचला. "हा शब्द माझ्या फॉर्मात नाही. आणि नागपूर आता आपल्या राज्यात नाही. तिथला कागद वर चालणार नाही." मग ते पुनारामकडे वळले. पुनाराम त्या दिवशी खाणीतली कामाची पाळी सोडून आला होता, भिंतीशी उभा होता. "हे पहा, मी तुमच्या भल्याचं सांगतो. मी मूकबधिर लिहितो. त्या रकान्यात लगेच मदत मिळते. जबलपूरला वसतिगृहाची शाळा आहे. राहणं, जेवण, कपडे, सगळं सरकार करेल. तुम्हाला फक्त सही करायची."

पुनाराम पुढे झाला. "लिहा साहेब. तिथी तरी शिकंल. इथी लोक तिले पागल म्हणतेत."

"म्या नाही देत तिले," शेवंताबाई म्हणाली. तिचा आवाज हळू होता, पण अंगणातल्या सगळ्यांना ऐकू गेला. "ते माह्या हाताशिवाय घास घेत नाही. जबलपूरले तिची पाटी कोन काढंन? मुक्या पोरायच्या शाळेत तिले कोन ओळखंन? मरून जाईन ते."

"मग इथी काय करशीन?" पुनाराम ओरडला. "मार्चमंदी गुरुजी काढून राह्यले न तिले!"

ललिताचे चिंचोके थांबले. बाईंनी हाताने खूण करून सगळ्यांना आवाज कमी करायला सांगितले. साहेबांनी पेनचे टोपण काढले.

तेव्हा गुणाकर गुरुजी खाकरले. "साहेब, ऐकू येतं की नाही हे तपासायचा एक उपाय आहे." आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले.

मित्रांनो, माझ्या लोखंडात थंडी भरली.

"नको!" बाई म्हणाल्या. "दोन वर्षांपूर्वी तिचं कपाळ फुटलं होतं साहेब. दोन वर्षं आम्ही एकेक चित्र जोडत आणलंय. एका टोल्यानं सगळं मोडेल. उद्या ती या अंगणात पायसुद्धा टाकणार नाही."

"मलाही आवडत नाही," साहेब म्हणाले. "पण मी वर काय कळवू? शिक्षिका म्हणते म्हणून ऐकू येतं? मला डोळ्यांनी पाहावं लागेल. नाहीतर मूकबधिर लिहिणं भाग आहे."

सगळे शेवंताबाईकडे बघू लागले. ती पोरीकडे बघत होती. खाणीत दगड निवडून तिची बोटे काळी पडली होती. ती बोटे तिने एकमेकांत इतकी घट्ट गुंतवली की नखे पांढरी झाली.

"एकच टोला?" तिने विचारले.

"एकच."

"वाजवा मंग," ती म्हणाली. "फुटलं डोकं तं म्या बांधीन. पन पोरगी घरी राहीन." ती ललिताला धरायला निघाली, तर साहेब म्हणाले, "नाही, तुम्ही दूर राहा. तुम्ही धरलं म्हणून रडली, असं व्हायला नको." शेवंताबाई तिथेच थांबली. ते एक पाऊल मागे घेताना तिला काय झाले असेल, ते मी कसे सांगू?

"डोमाजी," गुरुजी म्हणाले.

डोमाजी हलला नाही. "गुरुजी, माह्या हातानं नाही होत."

"डोमाजी, सरकारी काम आहे."

डोमाजी खिडकीशी गेला. गजातली कांब त्याने ओढली. दोन वर्षे ती तिथे तशीच अडकवलेली होती, सहज निघेना. तो माझ्यासमोर आला. सवयीने दोन पावले मागे सरला. मी मनात म्हणत होतो, हळू मार, अगदी हळू. पण मला माझा आवाज ठाऊक होता. लोखंडाला आवाज गिळता येत नाही. मारणाऱ्याच्या मनात काय आहे, ते टोल्यात उतरत नाही.

डोमाजीने कांब उचलली.

ओसरीत ललिताच्या हातातला चिंचोका खाली पडला. तिने दोन्ही तळहात कानांवर गच्च दाबले, डोळे मिटले आणि गुडघ्यांत डोके घालून ती वाट बघू लागली.

"थांबा!" साहेब ओरडले. "डोमाजी, थांबा!"

कांब हवेतच राहिली. माझ्यापासून वीतभर दूर.

साहेब ओसरीपर्यंत चालत गेले आणि पायरीवर, पोरीपासून चार हातांवर, खाली बसले. फाईल त्यांनी बाजूला ठेवली होती.

"ही घंटा किती दिवसांपासून बंद आहे?" त्यांनी अगदी हळू विचारले.

"दोन वर्षं झाली," बाई म्हणाल्या.

"आणि हिच्या लक्षात आहे." त्यांनी पोरीच्या कानांवरच्या हातांकडे बोट दाखवले. "बहिऱ्या मुलानं कान कशाला झाकले असते?"

डोमाजीने कांब जमिनीवर ठेवली. ठेवतानाही आवाज होऊ दिला नाही. मग तो चिंचेच्या बुंध्याशी मटकन बसला आणि रडू लागला. शेवंताबाई मुलीजवळ गेली, पण तिने तिला ओढले नाही. शेजारी बसून पडलेला चिंचोका रांगेत ठेवला. पुष्कळ वेळाने ललिताने एक डोळा उघडला. एक हात कानावरून काढला आणि तो चिंचोका थोडा सरकवला.

साहेबांनी मूकबधिर लिहिले नाही. रकाना नव्हताच, म्हणून त्यांनी फॉर्म उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला सुरुवात केली. बाई सांगत गेल्या, ते लिहीत गेले. पाटीबद्दल, पुठ्ठ्यांबद्दल, घंटेबद्दल. जाताना पुनारामला म्हणाले, "मी लिहिलंय. वर कुणी वाचेल की नाही, ते मला सांगता येत नाही."

त्यानंतरचे दिवस टोल्यापेक्षाही जड होते. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. डाकवाल्याची सायकल वळणावर दिसली की बाई वर्ग सोडून फाटकाशी येत आणि रिकाम्या हाताने परत जात. मार्च संपला. गुरुजींनी पटाचे पुस्तक दोनदा उघडले आणि दोनदा मिटले. त्यांनाही ते नाव खोडणे जमेना. चैत्राच्या उन्हात, शाळेला सुटी लागायच्या तीन दिवस आधी पत्र आले. चार मुलांचा वर्ग एक वर्षासाठी, प्रयोग म्हणून मंजूर झाला होता. बाईंना तीन महिन्यांचे प्रशिक्षण, आणि वर्गाला एक मदतनीस. त्या जागेवर शेवंताबाई लागली. पहिल्या दिवशी ती नवे लुगडे नेसून आली होती आणि पुनाराम तिला सायकलवर सोडायला आला होता.

सगळे गोड झाले असे मी सांगणार नाही. चौघांपैकी एका मुलाला आईबापांनी गावी नेले, ते परत आलेच नाही. ललिता आज अकरा वर्षांची आहे. ती मोजके शब्द बोलते, तेही स्वतःशी जास्त. पण मुलांची नावे वाचून ज्याची पाटी त्याला देते, एकदाही चुकत नाही. तो वर्ग मात्र अजून वर्षावर्षाने मंजूर होतो. दर मार्चला सगळ्यांचा श्वास पुन्हा अडकतो. आता त्यात नऊ मुले आहेत.

डोमाजी निवृत्त झाला. माझ्यावर गंज चढला आहे. परवा एक जण म्हणाला, हा तुकडा भंगारात द्या. दिला तरी माझी तक्रार नाही. आयुष्यभर मला लोकांनी वाजवले म्हणून नावाजले. पण मी खरोखर कुणाच्या उपयोगी पडलो असेन, तर त्या एका सकाळी, न वाजता.

मित्रांनो, तुमच्या वर्गात कधी एखादे मूल कान झाकून बसलेले दिसेल. हाक मारली तरी वळणार नाही, एकटेच काहीतरी रांगेत मांडत राहील. त्याला हसू नका, वेडे म्हणू नका, ओढून उठवू नका. आधी तुमचा आवाज कमी करा. मग त्याच्या शेजारी बसा. आणि तुम्ही मोठे होऊन कुठे साहेब झालात, तुमच्या हाती फॉर्म आला, आणि समोरचे मूल त्यातल्या कुठल्याच रकान्यात बसत नसेल, तर मूल बदलू नका. कागद उलटा करा आणि मागच्या बाजूवर लिहा.